साताऱ्याचा शून्य: वेब ॲप्लिकेशनच्या सेटिंग्ज कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवाव्यात?

वेब ॲप्लिकेशन म्हणजे ब्राउझरमधून वापरता येणारा प्रोग्राम. वीजबिल भरण्याची साइट, सातबारा पाहण्याचे पोर्टल, दुकानाचे ऑनलाइन ऑर्डर घेणारे पान ही सगळी त्याची रूपे. अशा प्रोग्राममधला काही भाग सगळीकडे सारखाच राहतो: ऑर्डर नोंदवणे, बेरीज करणे, पावती तयार करणे. काही भाग मात्र जागेप्रमाणे, मालकाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतो. डेटाबेस कोणत्या सर्व्हरवर आहे, त्याचा पासवर्ड काय, पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची गुप्त किल्ली कोणती, दुकान किती वाजता उघडते, शाखेचा दूरध्वनी क्रमांक काय. या बदलत्या भागाला कॉन्फिगरेशन किंवा सोप्या भाषेत सेटिंग्ज म्हणतात. तो मूळ प्रोग्रामपासून वेगळा लिहून ठेवायचा असतो, म्हणजे शाखेचा फोन बदलला म्हणून कोणाला प्रोग्राम उघडावा लागत नाही.

हा वेगळा मजकूर लिहायच्या पद्धती अनेक आहेत. त्यातली कोणती घ्यावी हे बहुतेक ठिकाणी सवयीने ठरते. आधीच्या कामात जी वापरली ती पुढेही चालू राहते. तिचे दोष पुष्कळदा काम सुरू झाल्यावर, गिऱ्हाइकाचा फोन लागेनासा झाल्यावर कळतात.

उदाहरणासाठी एका काल्पनिक व्यवसायाची साइट डोळ्यांपुढे ठेवता येईल. नीरा नदीच्या काठी, पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या सीमेवर, पुणे–बेंगळुरू महामार्गालगत शिरवळ आहे. गावाभोवती कारखाने उभे राहिले आहेत. तिथल्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारा हा व्यवसाय असून त्याच्या शाखा शिरवळ, सातारा आणि सांगली येथे आहेत. सेटिंग्जमध्ये तिन्ही शाखांचे एसटीडी कोड लिहायचे आहेत: शिरवळचा ०२१६९, साताऱ्याचा ०२१६२ आणि सांगलीचा ०२३३. तीन आकडे, तिन्ही शून्याने सुरू होणारे. फॉरमॅटची पारख करायला यापेक्षा मोठी सामग्री लागत नाही.

सर्वांत जुन्या आणि सोप्या पद्धतींपैकी एक म्हणजे आयएनआय. एका ओळीत नाव, मग बरोबरचे चिन्ह, मग किंमत. संबंधित ओळींचा गट करायचा असेल तर वर चौकटी कंसात शीर्षक. विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्या याच पद्धतीवर चालत आणि पीएचपी भाषेची मुख्य सेटिंग फाईल आजही अशीच आहे. कोणीही वाचावी इतकी ती साधी आहे. उणीव अशी की तिला सर्वमान्य नियमच नाहीत. टिपणाची ओळ अर्धविरामाने सुरू होते की हॅशच्या चिन्हाने, गटात उपगट चालतो की नाही, हे ज्याने त्याने आपापले ठरवले. एसटीडी कोडांना मात्र इथे धोका नाही, कारण बहुतेक ठिकाणी आयएनआयमधली प्रत्येक किंमत निव्वळ मजकूर म्हणून वाचली जाते. एक अपवाद ध्यानात ठेवायला हवा. पीएचपी आपल्या नेहमीच्या रीतीने अशी फाईल वाचते तेव्हा अवतरणचिन्हांवाचून लिहिलेल्या ‘नो’, ‘ऑफ’ आणि ‘नन’ या इंग्रजी शब्दांचा रिकामा मजकूर करते.

एक्सएमएलची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाणित झाली आणि त्यानंतरची काही वर्षे मोठ्या प्रोग्रामांच्या सेटिंग्ज तिच्यातच लिहिल्या गेल्या. जावाच्या वेब ॲप्लिकेशनांत आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये तिच्या फाईली अजून भेटतात. प्रत्येक किमतीच्या आधी आणि नंतर तेच नाव लिहावे लागते, त्यामुळे चार शब्दांची सेटिंग दहा शब्दांची होते. फाईल बरोबर आहे का हे आधीच तपासून घेण्याची तिची सोय चांगली आहे. पण नवे काम सुरू करताना केवळ तेवढ्यासाठी तिच्याकडे जाण्याचे कारण आता उरलेले नाही.

जेसन हा फॉरमॅट डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत पुढे आणला. तो जावास्क्रिप्टच्या लेखनपद्धतीतून घेतलेला आहे. २००६ मध्ये त्याचे पहिले इंटरनेट-मानक टिपण निघाले, २०१३ मध्ये ‘एक्मा’ संस्थेने त्याला प्रमाणित केले. आज दोन प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायचे असेल तर ते बहुधा जेसनमध्ये बोलतात. मजकूर अवतरणचिन्हांत, संख्या अवतरणचिन्हांवाचून, एवढा कडक भेद त्यात आहे. साताऱ्याचा कोड अवतरणचिन्हांवाचून लिहिला तर जेसन तो नाकारतो, कारण शून्याने सुरू होणारी पूर्णसंख्या त्याच्या नियमांत बसत नाही. फाईल वाचलीच जात नाही आणि चूक झाली आहे हे तिथल्या तिथे कळते. हा त्याचा मोठा गुण आहे.

माणसाने हाताने लिहायची फाईल म्हणून मात्र जेसन अडचणीचा आहे. त्यात टिपण लिहिता येत नाही. क्रॉकफर्ड यांनी टिपणांची सोय मुद्दाम काढून टाकली. काही लोक टिपणांत फाईल वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी सूचना दडवू लागले होते आणि त्यामुळे सगळ्यांचा मेळ बिघडला असता, हे त्यांनी दिलेले कारण. दोन प्रोग्रामांमधल्या संवादासाठी हे योग्यच झाले. पण ‘ही मुदत तीस दिवसांची का ठेवली’ हे दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला सांगायला सेटिंगच्या शेजारची एक ओळच उपयोगी पडते. तीच लिहिता येत नसेल तर ते ज्ञान फाईलबाहेर जाते आणि हरवते. शिवाय यादीतल्या शेवटच्या घटकानंतर एक स्वल्पविराम जास्तीचा पडला तरी अख्खी फाईल अडते.

यॅमलकडे लोक वळले ते याच त्रासामुळे. २००१ मध्ये सुरू झालेल्या या फॉरमॅटमध्ये कंस आणि अवतरणचिन्हे बहुधा लागत नाहीत, कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते डावीकडे सोडलेल्या जागेवरून ठरते. हॅशचे चिन्ह देऊन टिपण लिहिता येते. कागदावर बाजाराची यादी करावी तशी ती फाईल दिसते. मोठ्या सर्व्हरसमूहांचे व्यवस्थापन करणाऱ्या कुबरनेटीससारख्या साधनांनी यॅमल स्वीकारल्यामुळे तो सर्वत्र पसरला.

अवतरणचिन्हे लागत नसल्यामुळे कोणती किंमत मजकूर आणि कोणती संख्या याचा अंदाज यॅमल वाचणाऱ्या प्रोग्रामला बांधावा लागतो, आणि इथेच एसटीडी कोडांची परीक्षा होते. यॅमलच्या १.१ या आवृत्तीत शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान, म्हणजे आठाच्या पटीतली, मानली जाते. ही रूढी सी भाषेच्या घराण्यातून आली. अष्टमानात शून्य ते सात एवढेच अंक असतात. साताऱ्याच्या ०२१६२ मधले सगळे अंक त्यात बसतात, म्हणून त्याची दशमान संख्या काढली जाते: दोन गुणिले ५१२, एक गुणिले ६४, सहा गुणिले ८, आणि दोन. उत्तर ११३८. सांगलीच्या ०२३३ चे याच हिशोबाने १५५ होतात. शिरवळच्या ०२१६९ मध्ये मात्र नऊ आहे. नऊ अष्टमानात नसतो आणि शून्याने सुरू होत असल्यामुळे ती दशमान संख्याही धरली जात नाही; म्हणून ते अंक मजकूर म्हणून जसेच्या तसे राहतात.

या निकालाचा परिणाम समजून घेण्यासारखा आहे. शिरवळच्या कार्यालयात बसून साइट तपासली तर आपला क्रमांक बरोबर दिसतो, काम सुपूर्द होते. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या गिऱ्हाइकाला मात्र अस्तित्वात नसलेला कोड दिसतो. फाईल वाचताना कोणतीही चूक दाखवली जात नाही. फाईलमध्ये डोळ्यांनी पाहिले तर तिथे ०२१६२ असेच लिहिलेले आहे, त्यामुळे दोष शोधणारा प्रोग्रामर पहिल्यांदा दुसरीकडेच शोधत बसतो.

२००९ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीने अष्टमानाची ही जुनी खूण काढली. तिच्या मुख्य नियमावलीप्रमाणे ०२१६२ ही साधी दशमान संख्या होते आणि पुढचा शून्य गळून २१६२ उरतात. आता शिरवळही सुटत नाही. त्याचे २१६९ होतात. शिवाय जुने नियम पाळणारी साधने अजून वापरात आहेत. पायथन भाषेत सर्वाधिक चालणारे पायॅमल त्यांपैकीच. म्हणजे एकच फाईल दोन साधनांनी दोन तऱ्हांनी वाचली जाऊ शकते.

अशीच गोष्ट वेळेची. १.१ मध्ये साठाच्या पटीतल्या संख्यांची सोय होती. दुकान उघडण्याची वेळ १०:३० लिहिली तर तिचे दहा गुणिले साठ अधिक तीस, म्हणजे ६३० होतात. पण ०९:३० शून्याने सुरू होत असल्यामुळे मजकूरच राहते. इंग्रजी ‘नो’ या शब्दाचा अर्थ ‘असत्य’ असा लावला जात असल्यामुळे नॉर्वे देशाचे त्याच दोन अक्षरांचे संक्षिप्त नाव यादीतून नाहीसे होते, आणि प्रोग्रामरांमध्ये या दोषाला ‘नॉर्वेचा प्रश्न’ असेच नाव पडले आहे. ३.१० हा आवृत्तीक्रमांक दशांश अपूर्णांक समजून ३.१ केला जातो. या सर्वांवर उपाय एकच आणि सोपा आहे, अवतरणचिन्हे घालणे. पण ती घालायची आठवण माणसाने ठेवायची, आणि ती न घालण्याची मुभा हेच तर यॅमलचे आकर्षण.

टॉमल हा फॉरमॅट गिटहब या संकेतस्थळाचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये मांडला; त्याची १.० आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये निघाली. दिसायला तो आयएनआयसारखा आहे: नाव, बरोबरचे चिन्ह, किंमत, वर चौकटी कंसातले शीर्षक. नियम मात्र पक्के लिहिलेले आहेत. मजकुराला अवतरणचिन्हे हवीतच, तारीख आणि वेळ यांचे स्वतंत्र प्रकार आहेत, टिपणे चालतात. शून्याने सुरू होणारी पूर्णसंख्या इथेही नाकारली जाते, त्यामुळे साताऱ्याचा कोड चुकून अवतरणांवाचून लिहिला तर फाईल तिथेच थांबते. रस्ट भाषेने तो घेतला आणि पायथनच्या ३.११ या २०२२ मधल्या आवृत्तीपासून तो वाचण्याची सोय त्या भाषेतच आली. एकात एक खोल रचना लिहायला तो गैरसोयीचा आहे. पण लहान-मध्यम साइटच्या सेटिंग्ज दोन पातळ्यांपेक्षा खोल गेल्या, तर फॉरमॅट बदलण्याआधी सेटिंग्जचीच छाटणी करावी हे बरे.

आणखी एक मार्ग म्हणजे वेगळा फॉरमॅटच न घेणे आणि प्रोग्रामच्या भाषेतच सेटिंग्ज लिहिणे. साइट बांधायच्या साधनांपैकी वर्डप्रेसची मुख्य सेटिंग फाईल पीएचपीत असते, जँगोची पायथनमध्ये. याचे सर्वांत मोठे उदाहरण मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातले आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आणि त्याच्याबरोबरचे शेकडो विकी यांच्या सेटिंग्ज विकिमीडिया फाउंडेशन पीएचपीतल्या मोठ्या याद्यांमध्ये ठेवते. एका सेटिंगचे नाव, त्याखाली सर्वांसाठीची मूळ किंमत, आणि ज्या विकीला वेगळी हवी त्याची खूण देऊन वेगळी किंमत. मराठी विकिपीडियाची खूण ‘एमआरविकी’. ही फाईल जगाला उघडी आहे. त्या त्या भाषेतल्या संपादकांनी ठरवून बदल मागितला की तो तपासून लावला जातो, आणि कोणी, कधी, का बदलले याची नोंद राहते. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या मात्र त्या उघड्या फाईलमध्ये नसतात; त्या खाजगी फाईलमध्ये वेगळ्या राहतात. हे विकी जिच्यावर चालतात त्या मीडियाविकी प्रणालीने २०१४ मध्ये आपल्या पडद्यावरच्या संदेशांची भाषांतरे आणि २०१५ मध्ये जोडप्रोग्रामांची माहिती पीएचपीतून काढून जेसनमध्ये नेली. माणूस विचारपूर्वक बदलतो ते पीएचपीत राहिले, यंत्रे एकमेकांना देतात ते जेसनमध्ये गेले. एका घरात दोन फॉरमॅट सुखाने नांदू शकतात हे यातून दिसते.

या मार्गातही शून्याचा सापळा आहे. पीएचपीत अवतरणांवाचून लिहिलेल्या ०२१६२ चे ११३८ होतात. ०२१६९ वर मात्र पीएचपी चूक दाखवते. आणि फाईल हीच प्रोग्राम असल्यामुळे एक अर्धविराम घालायचा राहिला तर सारी साइट बंद पडते. प्रोग्रामर हाताशी असलेल्या संस्थेलाच ही पद्धत मानवते.

गुप्त गोष्टींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. हिरोकू या कंपनीतल्या अनुभवातून लिहिल्या गेलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या नियमावलीने असा दंडक रूढ केला की जागेनुसार बदलणाऱ्या सेटिंग्ज, विशेषतः पासवर्ड, सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवाव्यात. म्हणजे त्या प्रोग्रामच्या कोणत्याच फाईलमध्ये नसतात. सर्व्हर प्रोग्राम सुरू करताना त्या त्याच्या हाती देतो. सोयीसाठी त्यांची एक छोटी फाईल करतात, जिला ‘डॉट ईएनव्ही’ म्हणतात. इथे प्रत्येक किंमत मजकूर असते, त्यामुळे तिन्ही एसटीडी कोड सुरक्षित राहतात. उलट बाजूने ‘फॉल्स’ असे लिहिलेली किंमतही मजकूरच, आणि पायथन, पीएचपी, जावास्क्रिप्ट या तिन्ही भाषांत असा मजकूर, तो रिकामा नसल्यामुळे, ‘सत्य’ धरला जातो. चाचणीची माहिती दाखवणे बंद करायला लिहिलेली ओळ त्यामुळे ती चालूच ठेवते. अशी किंमत प्रोग्राममध्ये तपासूनच वापरावी.

डॉट ईएनव्ही फाईल साइटच्या उघड्या फोल्डरमध्ये राहिली आणि सर्व्हरने ती अडवली नाही तर कोणीही ब्राउझरमधून ती वाचू शकतो. वर्डप्रेसची पीएचपी फाईल सर्व्हर चालवतो, दाखवत नाही, म्हणून ती सहसा सुरक्षित राहते. पण बदल करण्यापूर्वी तिची प्रत काढून नावापुढे ‘बॅक’ जोडले, तर ती प्रत पीएचपी राहत नाही आणि पासवर्डसकट उघडी पडू शकते. फाईलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये एकदा गेलेला पासवर्ड पुढच्या बदलात पुसला तरी इतिहासात शिल्लक असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गिऱ्हाइकांची नावे आणि फोन ज्या डेटाबेसमध्ये आहेत त्याची किल्ली याच फाईलमध्ये असते, हे मालकानेही जाणून असावे.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे देवनागरीचा प्रश्नही असतो, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात त्याला फारशी जागा मिळत नाही. फाईल यूटीएफ-८ या अक्षर-संकेत पद्धतीत जतन झाली पाहिजे. या पद्धतीत ‘शिरवळ’ या शब्दाची पाच चिन्हे प्रत्येकी तीन बाइट घेतात. वाचणाऱ्याने ती जुन्या युरोपीय पद्धतीने वाचली तर पाचांच्या जागी पंधरा निरर्थक चिन्हे उमटतात. जावाच्या ‘प्रॉपर्टीज’ फाईली मुळात त्याच युरोपीय पद्धतीच्या, म्हणून त्यांत मराठी शब्द लिहायचा तर प्रत्येक चिन्हासाठी सहा अक्षरी सांकेतिक रूप द्यावे लागे. ‘शिरवळ’ तीस अक्षरांचे होई. २०१७ च्या जावा ९ पासून भाषांतराच्या फाईली तरी थेट यूटीएफ-८ मध्ये लिहिता येतात. २०१९ पूर्वीचे विंडोजचे नोटपॅड यूटीएफ-८ फाईलच्या आरंभी एक अदृश्य खूण घाली. जेसन वाचणारी अनेक साधने त्या खुणेवर अडखळतात. टॉमलमध्ये सेटिंगचे नाव देवनागरीत हवे असेल तर त्यालाही अवतरणचिन्हे लागतात.

देवनागरी अंकांचा घोटाळा याहून बारीक आहे. जीएसटीचा दर ‘१८’ असा देवनागरीत टंकला गेला तर जेसन आणि टॉमल फाईल नाकारतात. यॅमल तो मजकूर समजतो. पुढे तो मजकूर संख्येत बदलताना पायथन बरोबर अठरा देते, जावास्क्रिप्ट ‘संख्या नाही’ म्हणते आणि पीएचपीचे थेट रूपांतर शून्य देते. पावतीवर शून्य कर लागणे हा हिशोबनीसासाठी गंभीर प्रकार आहे.

करांचे दर खरे तर सेटिंगच्या फाईलमध्ये नसावेतच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी बंद झाले, पण त्याआधीच्या पावत्यांना जुनाच दर लागतो. म्हणून दर आणि तो लागू झाल्याची तारीख ही जोडी डेटाबेसमध्ये हवी. दुकानाच्या वेळा, शाखांचे क्रमांक, पानावरच्या सूचना हेही डेटाबेसमध्ये ठेवून मालकाला पडद्यावरून बदलता येऊ द्यावे. वर्डप्रेस हेच करते. एकच गोष्ट डेटाबेसमध्ये राहू शकत नाही, ती म्हणजे डेटाबेसचा स्वतःचा पत्ता आणि पासवर्ड, कारण तिथे पोहोचण्याआधीच ते लागतात.

फॉरमॅट निवडताना म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो असा: ही ओळ कोण बदलणार? दुकानाचा मालक किंवा कारकून बदलणार असेल तर डेटाबेस आणि पडदा. प्रोग्रामर बदलणार असेल तर टॉमल, किंवा भाषेची स्वतःची फाईल. फक्त यंत्रे लिहिणार आणि वाचणार असतील तर जेसन. गुप्त असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. यॅमल तिथेच घ्यावा जिथे वापरातले साधन तोच मागते, आणि तिथे प्रत्येक मजकुराला अवतरणचिन्हे घालण्याचा नियम करावा. चूक झाली की लगेच अडणारा फॉरमॅट लिहिताना त्रास देतो. मनाने अंदाज बांधणारा फॉरमॅट गिऱ्हाइकाला त्रास देतो. पहिला त्रास पत्करावा.

ज्यांची साइट आज चालू आहे त्यांनी दोन गोष्टी आजच तपासाव्यात. शून्याने सुरू होणारा प्रत्येक क्रमांक पडद्यावर तसाच दिसतो का, हे सर्व शाखांसाठी पाहावे. मग साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन डॉट ईएनव्ही फाईलचे नाव टंकावे. पडद्यावर सेटिंग्जच्या ओळी उमटल्या तर ती फाईल तिथून हलवावी आणि तिच्यातले सगळे पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत.